पाय घसरला, दोष कोणाचा?

मराठवाड्यात बर्फ पडत नाही. नांदेडचा पारा मे महिन्यात बेचाळिसाच्या पुढे चढतो आणि बर्फ आम्हाला भेटतो तो उसाच्या रसाच्या दुकानी, गोणपाटात गुंडाळलेला. फार तर गारा. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीने झोडपले, तेव्हा कित्येक शिवारांत गारांचा खच पडला होता. तेवढा प्रसंग सोडला, तर बर्फावरून घसरून पडण्याचा योग आमच्या पत्रिकेत नाही.

पण वाचकहो, घसरून पडायला बर्फच लागतो असे थोडेच आहे? गोदावरीच्या घाटावरची शेवाळलेली पायरी पुरते. सरकारी कचेरीच्या व्हरांड्यातली ओली फरशी पुरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिली गाडी आली ती पाच लाख लिटर घेऊन. त्याआधी मार्चमध्येच पाणवठ्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली होती. प्यायला पाणी नव्हते अशा त्या दिवसांतही टँकरच्या तोंडाशी मात्र चिखल होताच, आणि त्या चिखलातून डोक्यावर घागर घेऊन बायाबापड्या चालत होत्या.

माणूस पडतो, आजूबाजूचे हसतात, कोणी हात देतो, आणि पडलेला माणूस कपडे झटकीत म्हणतो, "काही नाही, काही नाही." आपल्याकडे प्रकरण एवढ्यावर मिटते. हाड मोडले तर ते नशिबावर जाते. ती पायरी कोणाची होती, ती कोरडी ठेवणे कोणाचे काम होते, हा प्रश्न आपल्याला सुचतच नाही.

मी नांदेडला गेली तीस वर्षे दिवाणी वकिली करतो. आत्या लातूरला असते, त्यामुळे सणावाराला तिकडेही जाणे होते. वकील पाहुणा आला की लोक चहाच्या कपाबरोबर सल्लाही मागून घेतात. अलीकडे त्यांत एक प्रश्न हमखास असतो. घरोघरची मुले शिकून टोरांटो, लंडन, न्यू जर्सी अशी पांगली आहेत. ती तिकडच्या गोष्टी सांगतात. मग वडील मला विचारतात, "काय हो वकीलसाहेब, तिकडे म्हणे सरकारी पायरीवर बर्फावरून पाय घसरला तरी सरकार भरपाई देते. खरे का?"

तिकडचा बर्फ

खरे आहे, पण अर्धेच. तिकडेही पडला की पैसा मिळाला, असे नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचेच पाहा. टोरांटो शहर त्याच प्रांतातले. तेथे नगरपालिकेच्या पदपथावर बर्फावरून घसरलात, तर दहा दिवसांच्या आत नगरपालिकेला लेखी कळवावे लागते. आणि पदपथावरच्या बर्फाबद्दल साधी हयगय सिद्ध करून भागत नाही. घोर हयगय दाखवावी लागते. रात्री बर्फ पडला आणि सकाळी आठ वाजता तुम्ही पडलात, तर नगरपालिका म्हणणार, "अहो, आम्हाला फावडे उचलायला तरी वेळ द्याल की नाही?"

न्यूयॉर्कची तऱ्हा आणखी निराळी. १९७९ साली तेथे असा नियम झाला की, पदपथावरचा दोष अपघाताआधी लेखी कळवलेला असेल तरच सामान्यतः नगरपालिका जबाबदार. मग तेथल्या वकिलांनी काय करावे? त्यांनी चक्क एक संस्था काढली, शहरातल्या पदपथांवरच्या खड्ड्यांचे आणि भेगांचे नकाशे तयार केले आणि ते नगरपालिकेला सादर केले. घ्या, कळवले! शिवाय, दाव्याची सूचना नव्वद दिवसांत द्यावी लागते ती वेगळीच. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या जागेत पडलात, तर १९४६ चा एक खास कायदा आहे. त्याप्रमाणे आधी त्या खात्याकडे दोन वर्षांच्या आत लेखी मागणी करायची आणि त्यानंतरच न्यायालयाची पायरी चढायची.

इंग्लंडात तर मोठी गंमत झाली. ईस्ट ससेक्समध्ये एका मोटारचालकाची गाडी रस्त्यावरच्या बर्फावरून घसरली आणि तो जबर जखमी झाला. प्रकरण थेट उमराव सभेपर्यंत गेले. २००० साली तेथल्या न्यायाधीशांनी निकाल दिला की रस्ता 'दुरुस्त ठेवणे' म्हणजे बर्फ काढणे नव्हे; सबब भरपाई नाही. तीनच वर्षांत पार्लमेंटने कायदा बदलला आणि बर्फामुळे रहदारीला धोका होऊ नये यासाठी शक्य ते सर्व करणे हे रस्तेखात्याचे कर्तव्य ठरवले. तो माणूस हरला, पण त्याच्यामागून येणाऱ्यांचा रस्ता सुधारला.

साडेतीनशे रुपयांचा घोडा

आता आपल्याकडे वळू. सरकारवर दावा लावता येतो काय? येतो. आणि ही वाट प्रथम पाडली ती एका घोड्याने!

कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी मजूर एक अवजड लोखंडी भाग उचलून नेत होते. मागून एका आगबोट कंपनीची घोडागाडी आली. मजूर दचकले, लोखंड खाली आदळले, त्या आवाजाने घोडा बिथरला आणि जखमी झाला. कंपनीने सरकारवर साडेतीनशे रुपयांचा दावा ठोकला. १८६१ साली सर बार्न्स पीकॉक यांनी निकाल दिला की, खाजगी माणसालाही करता येईल असे काम सरकार करीत असेल, तर नोकरांच्या हयगयीबद्दल सरकारही जबाबदार. मात्र जे केवळ राज्यसत्तेलाच करता येते, त्या कामात ही जबाबदारी नाही.

स्वातंत्र्यानंतर हा भेद आपल्या गळ्यात राहिला. घटनेच्या ३०० व्या कलमाने म्हटले की, पूर्वीच्या प्रांतांवर आणि संस्थानांवर जसे दावे लागत, तसेच आताच्या राज्यांवर लागतील. १९५२ साली उदयपूरला कलेक्टरची जीप कारखान्यातून परत येत असता तिने एका पादचाऱ्याचा बळी घेतला. सरकार म्हणाले, पूर्वीच्या संस्थानी अमलात राज्यावर असा दावा लागत नसे. आम्ही मराठवाड्याचे लोक १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या संस्थानात होतो, म्हणून हा युक्तिवाद वाचताना मला विशेष कुतूहल वाटले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो फेटाळला आणि विधवेला मिळालेले पंधरा हजार रुपये कायम केले.

पण लगेच दोन वर्षांनी काटा उलटा फिरला. मीरतच्या पोलिसांनी एका सराफाचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त करून मालखान्यात ठेवले होते. ते घेऊन एक हवालदार पाकिस्तानात पळाला. १९६४ साली आपल्या सातारचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश होते. त्यांच्या पीठाने सराफाची मागणी नाकारली, कारण जप्ती हे राज्यसत्तेचे काम. पण नाकारतानाच त्यांनी विधिमंडळांना बजावले की याविषयी स्पष्ट कायदा करा. विधी आयोगाने तर त्याआधीच, १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालात तेच सांगितले होते. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके आलीही. कायदा काही झाला नाही.

तरी निराश होण्याचे कारण नाही. जिना पुसणे, नळ दुरुस्त ठेवणे ही काही राजसत्तेची गूढ कामे नव्हेत. तुम्हीआम्ही घरी तीच करतो. दिल्लीच्या चांदनी चौकातला घंटाघर कोसळून माणसे दगावली, तेव्हा नगरपालिकेने 'दोष आम्हाला ठाऊक नव्हता' असा बचाव घेतला. त्या इमारतीला सुमारे ऐंशी वर्षे झाली होती आणि तिच्या चुन्याचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली सांगितले की, रस्त्यालगतची आपली इमारत वेळोवेळी तपासणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. ठाऊक नव्हते म्हणून सुटका नाही. याउलट राजकोटला कार्यालयाकडे पायी निघालेल्या गृहस्थावर रस्त्याकडेचे झाड पडले, त्या प्रकरणी १९९७ साली नगरपालिका सुटली. म्हणजे प्रत्येक प्रकरण आपल्या पुराव्यावर उभे राहते किंवा पडते.

आत्याच्या चपला

पुरावा म्हणजे काय, ते माझ्या आत्याच्या प्रकरणावरून सांगतो.

२०१८ चा नोव्हेंबर महिना. निवृत्तिवेतनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस. आत्या एकाहत्तर वर्षांची. यजमान शाळामास्तर होते, त्यांच्या मागे तिला कुटुंबवेतन मिळते. आपण जिवंत आहोत हे सांगायला ती लातुरातल्या एका सरकारी कचेरीत गेली आणि परत येताना जिन्यात घसरली. वरच्या टाकीचा पाईप गळत होता, पायऱ्यांवर शेवाळ चढले होते. उजव्या मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शस्त्रक्रिया, दवाखाना, औषधे मिळून खर्च दीड लाखाच्या घरात गेला. तिची लेक एका खाजगी शाळेत शिकवते. तिला तीन महिने बिनपगारी घरी बसावे लागले. भाचीने संध्याकाळीच जाऊन पायऱ्यांची छायाचित्रे मोबाइलवर काढून आणली होती. बरे झाले, कारण दुसऱ्या दिवशी त्या पायऱ्या घासून लख्ख!

मी दाव्याची गोष्ट काढली, तशी आत्या खाटेवरूनच म्हणाली, "लेकरा, तीस वर्षं सरकारच्या पगारावर घर चाललं. अजून त्यांचंच खाते मी. आता त्यांच्यावरच फिर्याद लावू व्हय? पेन्शन बंद केली म्हंजे?"

"आत्या, पेन्शन ही काही मेहरबानी नाही. ती कोणी बंद करू शकत नाही. आणि उद्या त्याच जिन्यात दुसरी कोणी पडली तर?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्यामागं रांगेत एक पोटुशी बाई होती." तेवढ्यावर होकार मिळाला.

आम्ही नोटीस दिली. उत्तर आले की, 'सदर महिला वयोवृद्ध असून जुन्या, झिजलेल्या चपलांमुळे स्वतःच्या निष्काळजीपणाने पडल्या.' मी ते तिला वाचून दाखवले. आत्याने लेकीला हाक मारली, कपाटातली पिशवी मागवली आणि चपला माझ्यापुढे ठेवल्या. "ह्या घे. पाडव्याला घेतल्या होत्या, तळ बघ. पावतीबी आहे." पंधरा दिवसांच्या चपला! तळव्यावरच्या रेघासुद्धा शाबूत. आयुष्यभर मास्तरांच्या तुटपुंज्या पगारात संसार केलेली बाई पावती फेकून देईल, हे त्या कचेरीला वाटले तरी कसे?

मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. २००५ च्या त्या कायद्याने दहा रुपये फी भरून तीस दिवसांत माहिती मागता येते. त्यातून एक टिपण हाती आले. कचेरीतल्याच लिपिकाने जुलै महिन्यात वरिष्ठांना लिहिले होते की टाकीचा पाईप गळून जिन्यात शेवाळ होत आहे, कोणी पडण्याचा संभव आहे. दुरुस्तीचा अंदाज अठराशे रुपये. त्याखाली शेरा: 'निधी उपलब्ध झाल्यावर पाहावे.'

त्या टिपणाने प्रकरणाचा रंगच पालटला. दोष होता, ठाऊक होता, चार महिने ठाऊक होता. दावा लागला; मध्ये महामारीने न्यायालयांचे कामकाज मंदावले; अखेर २०२१ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. एक लाख दहा हजार मिळाले. खर्चाच्या मानाने कमीच. आत्याला आता खाली बसून रांगोळी काढता येत नाही, त्याची किंमत कोण करणार? रक्कम सांगायला मी गेलो, तेव्हा तिने आधी विचारले, "पाईप बसवला का?"

बसवला होता.

आपण काय करावे?

प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे काही सांगून ठेवतो.

पडल्यावर प्रथम दवाखाना. तेथल्या केसपेपरवर 'कोठे आणि कशामुळे पडले' हे लिहून घ्या. नुसते 'पडल्यामुळे दुखापत' पुरत नाही. त्याच दिवशी जागेची छायाचित्रे काढा. पाहणाऱ्या दोघांची नावे, पत्ते टिपून ठेवा. कचेरीला लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. बिले, पावत्या आणि हो, चपलासुद्धा जपून ठेवा.

त्यानंतर जागा कोणाची ते पाहा, कारण मुदती वेगवेगळ्या आहेत. राज्य सरकारची असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाने दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. काही दाव्यांना वर्षाचीच मुदत असते, म्हणून दिरंगाई नको. महानगरपालिकेची असेल तर महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा, असे महानगरपालिका कायद्याचे ४८७ वे कलम सांगते. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ ची आणि लातूरची २०११ ची. दोन्हींना हाच कायदा. मुदत चुकली की उत्तम पुरावाही कपाटात राहतो.

रेल्वेचे निराळेच. चालत्या गाडीत चढता-उतरता पडलेल्या तिकीटधारक प्रवाशाला रेल्वे कायद्याच्या १२४-अ कलमाने, रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते. प्रवाशाने घाई केली म्हणून ती नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. मृत्यू झाल्यास रक्कम २०१७ पासून आठ लाख आहे आणि रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज वर्षाच्या आत करायचा. मात्र फलाटावर नुसते घसरलात तर हे कलम लागत नाही. तेथे हयगय सिद्ध करावी लागते.

रस्त्यावरचे खड्डे आणि उघडी गटारे यांविषयी मुंबई उच्च न्यायालय २०१३ पासून स्वतःहून लक्ष घालीत आहे. चांगला रस्ता मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्याने २०१५ साली म्हटले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यात उघड्या मॅनहोलमध्ये पडून डॉ. दीपक अमरापूरकरांसारख्या नामांकित पोटविकारतज्ज्ञाचा अंत झाला, तो प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये याच न्यायालयाने खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. रक्कम ठरवायला समित्या नेमल्या आणि त्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवालाही स्थान दिले.

या प्राधिकरणाचे नाव गृहिणींनी विशेष ध्यानात ठेवावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो, तेथे मोफत वकील मिळतो. नांदेडला आहे, लातूरलाही आहे. आणि "मी तर घरीच असते, माझे काय नुकसान?" असे कोणी म्हणू नये. जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या कामाचे मोल महिना तीन हजार धरले होते. २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितले की घरकाम हे काम आहे आणि भरपाईत त्याचा हिशेब झालाच पाहिजे.

दावा लावणे हे भांडखोरपणाचे लक्षण आहे, अशी आपल्या मध्यमवर्गात एक समजूत असते. भांडण टाळावे, हे मलाही मान्य. तेव्हा निदान त्याच्या आधीची पायरी तरी गाठा. आपल्या गल्लीतले उघडे गटार, दवाखान्यातला गळका नळ, शाळेच्या जिन्यातली निखळलेली फरशी दिसली, की एका कागदावर लिहून द्या आणि आवक शिक्का घ्या. अशा साध्या कागदावर पुष्कळदा दुरुस्ती होते. आणि न झाली, तर पुढे पडणाऱ्याच्या हाती तोच कागद लागतो. आत्याच्या प्रकरणातला तो लिपिक मला कधी भेटला नाही. पण जुलैतल्या एका दुपारी त्याने चार ओळी लिहिल्या नसत्या, तर एका म्हाताऱ्या बाईची बाजू न्यायालयात उभी राहणे अवघड झाले असते.

यंदा फराळाचा डबा घेऊन कोणाकडे जाल, तेव्हा जिन्यातला दिवा लागतो की नाही, तेही बघून या.